पाठीवरचा पेट्रोल ब्लोअर निवडताना: गोव्यातील बागायतदारांसाठी

हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत फोंडा, डिचोली, सत्तरी या भागांतील घरांभोवती आंबा, फणस आणि काजू यांच्या पानांचा थर साचत राहतो. काजूच्या झाडाखालची जमीन बी पडू लागण्यापूर्वी स्वच्छ झाली नाही, तर बोंडू वेचणाऱ्यांचा बराच वेळ पाने चाळण्यातच जातो. अंगण लहान असेल तर माडाच्या हिरांचा खराटा पुरेसा आहे आणि तिथे यंत्रावर खर्च करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. परंतु मोठे आवार, देवळाचे प्रांगण किंवा उतारावरची काजूबाग नियमित झाडायची असेल, तर हवेच्या झोताने पाने उडवणारा, पाठीवर अडकवायचा पेट्रोल ब्लोअर खरोखर उपयोगी पडतो.

दुकानदार बहुधा इंजिनाच्या सीसीपासून सुरुवात करतो. अशा ब्लोअरची इंजिने साधारण ४० ते ८० सीसीची असतात, पण पाने सीसीने नव्हे, हवेने हलतात. त्यामुळे दोन आकडे विचारावेत: यंत्र मिनिटाला किती घनफूट हवा फेकते, म्हणजे सीएफएम, आणि ती हवा नळीतून किती वेगाने बाहेर पडते. तोंड अरुंद केले की वेगाचा आकडा फुगतो, मात्र हवेचे प्रमाण घटते. म्हणून केवळ वेगाची जाहिरात पाहून भुलू नये. कोरड्या पानांचा मोठा ढीग पुढे ढकलत नेण्यासाठी हवेचे प्रमाण महत्त्वाचे असते, तर जांभ्याच्या खडबडीत चिऱ्यांना चिकटलेले ओलसर पान सुटण्यासाठी वेग लागतो. या दोहोंचा एकत्रित परिणाम न्यूटनमध्ये दिलेल्या फुंकण्याच्या बलातून कळतो, आणि यंत्राच्या माहितीपत्रकात तो आकडा असल्यास तुलनेसाठी तोच सर्वांत विश्वासार्ह मानावा. घर आणि मध्यम बागेसाठी ५० ते ६५ सीसीचे, सुमारे ५०० ते ६५० सीएफएमचे यंत्र मला योग्य वाटते. शेणाने सारवलेल्या खळ्यावर मात्र कोणतेही यंत्र कमी वेगातच चालवावे, नाहीतर सारवणाचे पोपडे उडतात.

कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, एक वेगळी काळजी घ्यावी लागते. पोफळीच्या बुंध्याशी कुजणारी पाने हे जमिनीचे आच्छादन आहे. ती उडवली तर उन्हाळ्यात माती लवकर सुकते आणि मुळे उघडी पडतात. ब्लोअर पायवाटा, पाट आणि सुपारी वाळवण्याची जागा यांपुरताच वापरावा. जड झावळ्या तर हातानेच उचलाव्या लागतात. फवारणीची टाकी असलेला मिस्ट ब्लोअरही दिसायला असाच असतो, पण तो औषध मारण्यासाठी बनवलेला असतो आणि टाकीमुळे अधिक बोजड होतो. पाने झाडण्यासाठी तो घेऊ नये.

यंत्राचे वजन साधारण ८ ते १२ किलो असते आणि पत्रकातला आकडा बहुधा पेट्रोल न भरलेल्या यंत्राचा असतो. म्हणून दुकानातच ते पाठीवर घेऊन, पट्टे आवळून, दहा मिनिटे चालून पाहावे. कमरेचा पट्टा, रुंद खांदेपट्टे, इंजिन आणि पाठ यांच्यामधल्या कंपन शोषणाऱ्या स्प्रिंगा, तसेच एका वेगावर स्थिर ठेवता येणारा थ्रॉटल यांसाठी थोडे जास्त पैसे मोजावे लागले, तरी ते मोजावेत.

इंधनाचा प्रश्न आपल्याकडे विशेष गंभीर आहे. यातील बहुतेक इंजिनांत पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक तेल मिसळावे लागते. ५० ला १ हे प्रमाण असेल तर एका लिटरला २० मिलिलिटर तेल. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असते, तर अनेक यंत्रांच्या पुस्तिकांमध्ये १० टक्क्यांची मर्यादा दिलेली असते; त्यामुळे खरेदीपूर्वी ही नोंद दुकानदाराकडून दाखवून घ्यावी. इथेनॉल दमट हवेतली ओल ओढून घेते, मग पाणी व इथेनॉल टाकीच्या तळाशी वेगळे होतात आणि त्या थरात जवळजवळ तेलच नसल्याने इंजिन जाम होऊ शकते. मिश्रण थोडेथोडेच करावे. सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या प्रदेशात यंत्र जूनपासून चार महिने बंद राहते, तेव्हा टाकी रिकामी करून, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवून कार्ब्युरेटर कोरडा करावा आणि यंत्र जमिनीपासून उंच, कोरड्या जागी ठेवावे.

सुटे भाग कुठे मिळतात, हे किमतीच्या आधी विचारावे. स्टार्टरची दोरी, प्लग, कार्ब्युरेटरचा पडदा आणि एअर फिल्टर म्हापसा, फोंडा किंवा मडगाव येथे सहज मिळत नसतील, तर ते यंत्र कितीही स्वस्त असले तरी घेऊ नये. तांबड्या धुळीमुळे फिल्टर लवकर तुंबतो. घड्यांचा कागदी फिल्टर मोठा असलेले यंत्र इथे अधिक टिकते. अनुदानाच्या यादीत यंत्र बसते का, याची चौकशी विभागीय कृषी कार्यालयात खरेदीपूर्वीच करावी.

या यंत्रांचा आवाज चालवणाऱ्याच्या कानाशी १०० डेसिबलच्या आसपास जातो, तर २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. त्यामुळे कमी आवाजाचे मॉडेल निवडावे आणि पहाटे किंवा दुपारच्या विश्रांतीच्या वेळी शेजाऱ्यांना त्रास देऊ नये. चालवणाऱ्याने कानरक्षक, चष्मा आणि मास्क वापरल्याशिवाय दोरी ओढू नये. सायलेन्सरला ठिणगीरोधक जाळी आहे ना, हेही पाहून घ्यावे, कारण मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात लागलेल्या वणव्यांनंतर सुक्या पानांतल्या आगीचा धोका कोणाला वेगळा सांगायला नको. गरम यंत्र पानांवर टेकवू नये आणि इंजिन थंड झाल्याशिवाय पेट्रोल भरू नये.