अँटेना संशोधनातली प्रकाशनांची यादी कशी उभी राहते

अँटेना आणि विद्युतचुंबकीय क्षेत्र या विषयात संशोधन सुरू करणारा जवळजवळ प्रत्येक जण पहिल्या वर्षातच विचारतो, की शोधनिबंध किती हवेत. मीही विचारले होते. आज मी सांगेन, की यादीतला निबंध दुसऱ्या प्रयोगशाळेत कुणी पुन्हा करून पाहिला तर टिकेल का, एवढे आधी पाहावे. संख्या त्यामागून येते. हे मला माझ्या पहिल्या, नाकारल्या गेलेल्या निबंधाने शिकवले, म्हणून तो प्रसंग थोडा सविस्तर सांगतो.

मी 900 मेगाहर्ट्झसाठी एक लहान अँटेना केला होता. त्या वारंवारितेला तरंगलांबी सुमारे 33 सेंटीमीटर असते आणि माझा संपूर्ण बोर्ड 1.5 सेंटीमीटर त्रिज्येच्या गोलात मावत होता. सिम्युलेशनमध्ये बँडविड्थ, म्हणजे अँटेना नीट चालतो तो वारंवारितांचा पट्टा, अरुंद दिसत होती, पण परावर्तन मोजणाऱ्या नेटवर्क अ‍ॅनालायझरवर ती मध्य वारंवारितेच्या 9 टक्के भरली. हा फरक सब्स्ट्रेटमधल्या, म्हणजे बोर्डाच्या आधारद्रव्यातल्या, लॉसमुळे (ऊर्जेच्या अपव्ययामुळे) पडला असणार, असे एक वाक्य लिहून मी निबंध पाठवून दिला. परीक्षकांनी भाषेबद्दल एक अक्षरही लिहिले नाही. लहान अँटेनाच्या बँडविड्थवर त्याच्या आकारामुळे येणारी जी मर्यादा चू यांनी 1948 मध्ये मांडली, तिच्यावरून त्यांनी हिशेब करून दाखवला, की एवढ्या आकाराच्या, एकच अनुनाद आणि शून्य लॉस असलेल्या अँटेनाचा क्यू (साठलेल्या ऊर्जेचे बाहेर जाणाऱ्या ऊर्जेशी गुणोत्तर; तो जितका मोठा तितकी बँडविड्थ अरुंद) साधारण 47 च्या खाली जाऊ शकत नाही, म्हणजे परावर्तन उणे 10 डेसिबलपेक्षा कमी ठेवायचे तर बँडविड्थ दीड टक्क्यापलीकडे जात नाही. सहापट रुंदी लॉसमधून आली असेल तर कार्यक्षमता फार खालावलेली असणार. मग ती मोजली का नाही, असा त्यांचा प्रश्न होता. शेवटी एकच ओळ होती, की मापनाच्या वेळी केबल कशी जोडली होती त्याचे छायाचित्र द्यावे.

त्या ओळीमुळे मी पुन्हा प्रयोगशाळेत गेलो. अ‍ॅनालायझर कॅलिब्रेट केला, बोर्ड जोडला आणि केबल दोन बोटांत धरून बोटे हळूहळू बोर्डाकडे सरकवत नेली. पडद्यावरच्या आलेखातला परावर्तनाचा खड्डा, म्हणजे परावर्तन सर्वांत कमी असते ती जागा, बोटांबरोबर सरकत होता. बोर्डाचे ग्राउंड लहान असल्यामुळे प्रवाह केबलच्या बाहेरच्या आवरणावरून वाहत होता, आणि मी मोजत होतो तो अँटेना माझ्या बोर्डापेक्षा कितीतरी मोठा होता. बोर्डाला लागूनच केबलवर फेराइटचे मणी ओवले, तेव्हा खड्डा जागेवर थांबला आणि बँडविड्थ 2 टक्क्यांच्या आत आली. मूळ दावा मी मागे घेतला. केबलमुळे मापन कसे आणि किती बिघडते, यावरच पुढचे सात महिने काम केले आणि तोच माझा जर्नलमधला पहिला निबंध झाला.

नव्याने येणाऱ्यांनी म्हणूनच मापनाची कच्ची माहिती पहिल्या दिवसापासून जपावी, असे मी आग्रहाने सांगतो. टचस्टोन फाइल (मापनाचे आकडे साठवणारी फाइल), कॅलिब्रेशनची तारीख, जोडणीचे छायाचित्र आणि सिम्युलेशनची नेमकी आवृत्ती एकाच ठिकाणी असावी. निबंधात गेन, म्हणजे अँटेना एका दिशेला किती जोमाने ऊर्जा पाठवतो ते, लिहिताना त्यात मिसमॅचमुळे, म्हणजे जोडणीवरून ऊर्जा परत फिरल्यामुळे, होणारी घट धरली आहे की नाही, हे स्पष्ट करावे. ती धरली असेल तर तो रिअलाइज्ड गेन होतो. ही गल्लत परीक्षकांच्या लगेच लक्षात येते, आणि एकदा शंका आली की ते बाकीचे आकडेही संशयाने वाचतात.

निबंध कुठे पाठवावा, हे निकाल किती पक्व आहे त्यावर ठरते. कल्पना ताजी असेल आणि लोकांचे प्रश्न ऐकायचे असतील, तर परिषद उत्तम. 2006 पासून भरणारी युकॅप ही अँटेनावरची युरोपीय परिषद त्यातलीच एक मोठी आहे. एकच नेमकी गोष्ट सिद्ध झाली असेल, तर लेटर्स प्रकारचे, म्हणजे छोट्या निबंधांचे, जर्नल. सिद्धांत, रचना आणि मापन तिन्ही पूर्ण असतील, तर आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेचे ट्रान्झॅक्शन्स ऑन अँटेनाज अँड प्रोपगेशन. परिषदेतला निबंध वाढवून जर्नलला देताना आधीच्या निबंधाचा उल्लेख करावा आणि नवे काय आहे ते पहिल्याच पानावर सांगावे. एकाच रचनेत खाचेची लांबी बदलून तीन निबंध करण्याचा मोह मात्र टाळावा, कारण यादी वाचणाऱ्या जाणकाराला ते तीन निबंध एकच दिसतात.

उद्धरणांची घाई करू नये. यी यांचा 1966 मधला जेमतेम सहा पानांचा निबंध याच ट्रान्झॅक्शन्समध्ये आला आणि पुढची कित्येक वर्षे त्याच्याकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. विद्युतचुंबकीय क्षेत्र संगणकावर काळाच्या टप्प्याटप्प्याने काढणारी, आज एफडीटीडी म्हणून ओळखली जाणारी संपूर्ण पद्धत त्यावर उभी आहे. राव, विल्टन आणि ग्लिसन यांचा पृष्ठभागाचे त्रिकोणी तुकडे करून त्यावरचे प्रवाह काढण्याचा 1982 चा निबंधही तिथलाच. हे दोन्ही मुळातून वाचावेत. कमी शब्दांत पूर्ण पद्धत कशी मांडावी, हे त्यांतून जितके कळते तितके कोणत्याही लेखनवर्गात कळत नाही.

यादी ठेवण्याचे तंत्र साधे आहे. नावाचे रोमन स्पेलिंग पहिल्या निबंधापासून एकच ठेवावे, संशोधकाची ओळख पटवणारा 16 अंकी ऑर्किड क्रमांक घ्यावा, आणि प्रकाशित, स्वीकृत व परीक्षणाधीन निबंध वेगवेगळे दाखवावेत. काही वर्षांनी परीक्षणाची निमंत्रणे येऊ लागतात, ती स्वीकारावीत. माझ्याकडे लहान अँटेनाचा निबंध येतो तेव्हा मी आधी गोलाची त्रिज्या काढतो आणि मग छायाचित्रात केबल कुठून निघते ते पाहतो; छायाचित्र नसेल तर मागवतो.