सड्यावरच्या वनस्पती हर्बेरियमसाठी (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहासाठी) कशा जमवाव्यात

बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील जांबोटी, कणकुंबी ते चोर्ला हा जांभ्याच्या सड्यांचा, म्हणजे सपाट खडकाळ पठारांचा, पट्टा उन्हाळ्यात उघडाबोडका असतो आणि ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये बोटभर उंचीच्या फुलांनी भरून जातो. संग्रहापूर्वी वन विभागाची लेखी परवानगी घ्यावी. २०११ साली घोषित झालेल्या भीमगड अभयारण्यात तर तिच्याशिवाय पानही तोडू नये. एका जातीची किमान वीस झाडे दिसली तरच एक उचलावे.

सीतेची आसवे या कीटकभक्षी वनस्पतीला हात विशेष जपून लावावा. ती उपटली तर कीटक पकडणाऱ्या सूक्ष्म फुग्यांचे तंतू मातीतच तुटून राहतात, म्हणून खुरप्याने मातीसकट ढेकूळ काढून पाण्याच्या थाळीत हलकेच मोकळे करावे आणि कागद खालून सरकवून वर उचलावा, म्हणजे वनस्पती त्यावर आपोआप पसरते. दवबिंदू या दुसऱ्या कीटकभक्षी वनस्पतीचे चिकट केस कागदाला धरतात. तेथे मेणकागद वापरावा. गेंद या सड्यावरच्या वनस्पतीची मात्र बिया धरलेली फुलेही घ्यावीत, कारण त्याच्या जाती ओळखताना बियांचा पृष्ठभाग पाहावा लागतो.

फुलाचा रंग तिथल्या तिथेच वहीत लिहावा, कारण सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा रंग वाळताना टिकत नाही. ही गोष्ट मी पहिल्या वर्षी संध्याकाळवर ढकलली आणि त्या नोंदींत रंगाचा रकाना कायमचा रिकामा राहिला.

कणकुंबीच्या पावसात नमुने दाबून वाळवण्याच्या दाबयंत्रातील रद्दी पहिले चार दिवस सकाळ-संध्याकाळ बदलावी. एक वेळ चुकली तरी बुरशी धरते. वाळलेला नमुना पिशवीत बंद करून डीप फ्रीझरमध्ये उणे २० अंशांच्या आसपास आठवडाभर ठेवल्यास कीड मरते. जुन्या पद्धतीतील पाऱ्याचे विषारी द्रावण घरी वापरू नये. नंतर सुमारे २८ × ४२ सेंमीच्या जाड कागदावर नमुना चिकटवावा.

खरे मोल खालच्या उजव्या कोपऱ्यातील चिठ्ठीचे असते. तिच्यावर शास्त्रीय नाव, कुळ, तारीख, समुद्रसपाटीपासूनची उंची, अधिवास, अक्षांश-रेखांश, संग्राहकाचे नाव आणि वहीतलाच अनुक्रमांक हवा. हा क्रमांक दरवर्षी एकपासून सुरू करू नये, नाहीतर दोन नमुने एकाच क्रमांकाचे होतात. आपल्या भागात स्थळनावाकडे विशेष लक्ष द्यावे लागते. बेळगाव पूर्वी मुंबई इलाख्यात होते आणि २०१४ पासून त्याचे अधिकृत नाव बेळगावी आहे, त्यामुळे एकाच गावाचे नमुने दोन नावांखाली विखुरतात. संग्रहाच्या सूचीत जुने व नवे स्थळनाव शेजारी-शेजारी द्यावे आणि वनस्पतीची मराठी, कन्नड व कोकणी नावेही, सांगणाऱ्याच्या गावाच्या उल्लेखासह, स्वतंत्र रकान्यांत नोंदवावीत.