पोराचा खोकला जाता जात नाही? औषध बदलण्याआधी या चुका टाळा

पोरगं सारखं आजारी पडतंय म्हटलं की आपण आधी आईलाच धरतो, काळजीच घेत नाही, थंड खाऊ घालते वगैरे, आणि हीच सगळ्यात मोठी चूक. अहो, एकाच खोलीत पाच माणसं झोपतात, तिथेच चूल, भिंतीला ओल, खिडकी उघडली तर रस्त्याचा धूर आत, मग त्या आईने करायचं तरी काय? घरात चुलीचा धूर असेल तर लहान मुलांना न्यूमोनियाचा धोका जवळपास दुप्पट होतो असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

ओल दिसली की वरून रंग मारून मोकळं होणं, ही दुसरी. बुरशी रंगाखाली वाढतच राहते. इंग्लंडमध्ये रॉचडेलला अवाब इशाक नावाचं दोन वर्षांचं बाळ 2020 मध्ये गेलं, वडिलांनी 2017 पासून बुरशीची तक्रार केली होती आणि त्यांना रंग मारा म्हणून सांगितलं होतं! 2022 च्या चौकशीत मृत्यूचं कारण घरातली बुरशीच ठरलं. गळती कुठून होतेय ते आधी शोधा, आणि घर भाड्याचं असेल तर फोटो काढून, तारीख टाकून तक्रार लेखी करा, तोंडी बोलणं पुढे कोणी मानत नाही.

तपासणाऱ्यांनीही नुसतं औषध लिहून देऊ नये, मूल झोपतं कुठे, घरात विडी-सिगारेट कोण ओढतं, दम्याचा पंप (श्वासातून औषध घ्यायचा इनहेलर) असेल तर तो महिनाभर पुरतो का, एवढं तरी विचारा ना. कारण बरं वाटलं की रोजचा पंप बंद करणारे बरेचदा निष्काळजी नसतात, पुरवून पुरवून वापरत असतात. पंपाची सवय लागते ही भीती मात्र खोटी आहे. आणि स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये लावायची पोकळ नळी, परवडत नाही म्हणून पंप थेट तोंडात मारू नका, बरंचसं औषध तोंडात-घशातच राहतं. अर्धा लिटरच्या प्लास्टिक बाटलीच्या बुडाला पंपाचं तोंड घट्ट बसेल एवढं भोक पाडलं की कामचलाऊ स्पेसर तयार, फक्त एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या.

ताप नाही म्हणून, किंवा खाडा पडेल म्हणून थांबू नका. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा, वर्षाच्या आतल्या बाळाचे 50, त्यापुढे पाच वर्षांपर्यंत 40 किंवा जास्त भरले, किंवा श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर 60 धरा.