सिनेमा ख्रिस्ती नजरेने पाहताय? मग या चुका टाळा

चर्चच्या तरुण संघात सिनेमावर चर्चा ठेवली की पहिला हात वर होतो तो ठरलेल्या प्रश्नासाठी: "ताई, हा पिक्चर आपण बघावा की नाही?" उत्तर एका शब्दात हवं असतं. हो म्हटलं तरी विषय संपतो, नाही म्हटलं तरी संपतो, आणि निम्मी खोली मोबाइल काढते. मी बरीच वर्षं या चर्चा घेते आणि या घाईची मला मनापासून काळजी वाटते. ज्याला दोन-अडीच तासांची गोष्ट धीराने पाहवत नाही, तो बायबलमधलं ईयोबाचं लांबलचक पुस्तक शेवटपर्यंत कसं वाचणार? त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा समोर येतात, म्हणून हे लिहिते आहे.

न पाहताच निषेध

मला सगळ्यात जास्त सलणारी चूक हीच. मेसेज येतो की प्रभू येशूची बदनामी करणारा चित्रपट येतोय, गप्प बसू नका, दहा ख्रिस्ती बांधवांना पाठवा. चित्रपटाचं नाव असलं तर असतं. तारीख मात्र कधीच नसते.

हे आजचं नाही. १९८०च्या दशकात अमेरिकेत असंच एक पत्र हातोहात फिरलं. येशूला समलैंगिक दाखवणारा चित्रपट निघतोय, तो थांबवा, अशी त्यात हाक होती. इलिनॉय राज्याच्या महाधिवक्त्यांच्या कार्यालयात निषेधाच्या पत्रांचा ढीग लागला. पत्रात सांगितलेला चित्रपट कुणी काढतच नव्हतं. पुढे टपालाच्या जागी ईमेल आलं, ईमेलच्या जागी व्हॉट्सॲप आलं, आणि मजकूर जवळजवळ तोच राहिला.

आमच्या मंडळीत तो आला तेव्हा उपासना सुटल्यावर दारातच टेबल टाकून सह्या घेतल्या गेल्या. लिहिता न येणाऱ्या आज्यांनी अंगठे उठवले. मी सेक्रेटरींना विचारलं, "दादा, सिनेमाचं नाव काय? काढतंय कोण? लागणार कुठे?" ते म्हणाले, "ताई, ते मागाहून बघू. आधी विरोध तर नोंदवू." शिष्टमंडळ सरकारी कार्यालयात गेलं. तिथल्या साहेबांनी निवेदन वाचलं आणि नेमके हेच तीन प्रश्न विचारले. उत्तर कुणाकडेच नव्हतं. साहेबांनी कागद परत केला.

एवढ्यावर भागलं असतं तर गोष्ट वेगळी. पण काही महिन्यांनी आमच्या दफनभूमीच्या कुंपणाचा खराखुरा प्रश्न उभा राहिला. तीच माणसं त्याच टेबलासमोर गेली आणि साहेबांचा पहिला प्रश्न आला, "हे तरी खरं आहे ना?" त्या वेळी आमच्या पाळकसाहेबांचा चेहरा पडलेला मी पाहिला आहे. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको, ही आज्ञा फॉरवर्ड करणाऱ्या बोटालाही लागू आहे.

माझी सवय सांगते. असा मेसेज आला की मी पाठवणाऱ्याला सरळ फोन लावते. चित्रपटाचं नाव आणि दिग्दर्शक विचारते, आणि तो सेन्सॉरकडून पास झालाय का तेही. हे कळेपर्यंत मेसेज माझ्या फोनवरून पुढे जात नाही. चित्रपट खरोखर असेल तर पाहून येते, मगच बोलते. "तिकिटाचे पैसे त्यांच्या खिशात कशाला घालायचे?" असं कुणी विचारलं तर माझं म्हणणं इतकंच की पाहायचा नसेल तर खुशाल पाहू नका, पण मग त्यावर उपदेशही करू नका. 'दहा मिनिटांत पूर्ण कथा' सांगणारे व्हिडिओ पाहून आलेल्यांना मी चर्चेत मागे बसवते. त्यांना कथानक कळलेलं असतं, पण सिनेमा त्यांनी पाहिलेला नसतो.

शिव्या आणि क्रूस मोजणं

शिव्या किती, चुंबनं किती, दारूचे प्याले किती? वहीत रेघा ओढून सिनेमाची पवित्रता काढणारी माणसं मला भेटतात. ती फिलिप्पैकरांस पत्राचा चौथा अध्याय, आठवं वचन पुढे करतात. त्या यादीत शुद्ध आहे, श्रवणीय आहे, पण सगळ्यात आधी सत्य आहे. मोजणीच करायची तर बायबलमधल्या शास्ते पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय, ज्यात अत्याचार आणि खून आहे, कुठल्याच मंडळीत वाचता येणार नाही. दावीद राजा आणि बथशेबाच्या व्यभिचाराची गोष्ट तर पहिल्याच फेरीत बाद होईल.

याची दुसरी बाजू म्हणजे ख्रिस्ती खुणा मोजणं. 'द शॉशँक रिडेम्प्शन' (१९९४) मधला तुरुंगाधिकारी नव्या कैद्यांना बायबल देतो, वचनं म्हणतो आणि पैसे खातो. त्याच्या खोलीत न्यायाच्या दिवसाची आठवण देणारी विणलेली चौकट टांगलेली आहे आणि तिच्या मागे तिजोरी आहे. नायकाने बायबलची पानं कोरून आत दगड फोडायची हातोडी लपवली आहे, आणि कोरलेला भाग सुरू होतो गुलामगिरीतून सुटकेची कथा सांगणाऱ्या निर्गमच्या पुस्तकापासून. हा चित्रपट ख्रिस्तीविरोधी आहे, असं मला कितीदा ऐकवलं गेलंय! मत्तयाचा तेविसावा अध्याय उघडा. चुना लावलेल्या कबरा म्हणून धर्माच्या ठेकेदारांना प्रभूने जे सुनावलं, त्यापुढे हा चित्रपट सौम्य आहे.

तात्पर्य काढायची घाई

'सैराट' (२०१६) पाहून आलेल्या आमच्या एका काकांनी तरुण मुलांसमोर सांगितलं, "आईबापाचं ऐकलं असतं तर मेले नसते." मुलं माना डोलावून घरी गेली. मला त्या रात्री झोप लागली नाही.

त्या शेवटाकडे नीट पाहा. हैदराबादेत संसार उभा राहिला आहे. आर्चीचा भाऊ माणसं घेऊन येतो, आईने पाठवलेल्या भेटवस्तू देतो. आर्ची आनंदाने चहा ठेवते. ती चहा कपात ओतते तेव्हा तिचे हात पाहा, हे मी मुलांना मुद्दाम सांगते. बाळ तेवढ्यात शेजारणीबरोबर बाहेर गेलेलं असतं. ते परत येतं तेव्हा आईबाप रक्ताच्या थारोळ्यात आहेत, आणि बाळाची लाल पावलं फरशीवर उमटत जातात. ज्या सिनेमाच्या गाण्यांवर अख्खा महाराष्ट्र नाचला, तो तिथे आवाजच काढून घेतो.

उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात देव काइनाला विचारतो, तुझा भाऊ हाबेल कोठे आहे? काइन उलट विचारतो, मी काय माझ्या भावाचा राखणदार आहे? आणि देव म्हणतो की तुझ्या भावाचं रक्त भूमीतून माझ्याकडे ओरड करत आहे. नागराज मंजुळेंनी पडद्यावरचा आवाज बंद केला, तेव्हा ती ओरड ऐकण्याचं काम थिएटरातल्या प्रत्येकाकडे आलं. ज्या काकांनी मेलेल्यांचीच चूक काढली, त्यांनी काइनाला सोडून हाबेलाला जाब विचारला. ख्रिस्ती माणसाला हे शोभत नाही.

आणि ही गोष्ट काही फक्त गावच्या पाटलाच्या वाड्यावरची नाही. आपल्याकडेही स्थळ पाहताना, एकाच प्याल्यातून प्रभुभोजन घेणारी माणसं, पूर्वीचं घराणं कुठलं, म्हणजे धर्मांतरापूर्वीची जात कोणती, हे हळूच विचारतात. 'सैराट'वर चर्चा घ्यायची असेल तर तो प्रश्न आपल्या मंडळीत अजून का विचारला जातो इथून सुरुवात करा. नाथान संदेष्ट्याने दावीद राजाला गरिबाची मेंढी हिसकावणाऱ्या श्रीमंताची गोष्ट सांगितली ती दावीद स्वतःकडे वळावा म्हणून. दुसऱ्याकडे बोट दाखवायला ती त्याच्या कामाची नव्हती.

माझी सवय अशी की सिनेमा संपल्यावर त्याच दिवशी तात्पर्य कुणालाच सांगू देत नाही. प्रत्येकाने मनात राहिलेलं एकच दृश्य सांगायचं, तेही "मला असं वाटतं" न म्हणता, फक्त काय दिसलं ते. आठवडाभराने शास्त्र उघडून बसतो. नवख्यांना हा उशीर सोसत नाही, त्यातले काही परत येत नाहीत. जे येतात त्यांच्याशी बोलायला मजा येते.

जिथे तिथे ख्रिस्त सापडणं

हात पसरून उभा राहिलेला प्रत्येक नायक म्हणजे ख्रिस्ताचं प्रतीक नव्हे. चांगले शिकलेले लोकही इथे घसरतात. 'मॅन ऑफ स्टील' (२०१३) मधला सुपरमॅन तेहतीस वर्षांचा आहे, परंपरेने प्रभूचं वय धरलं जातं तेवढाच. त्या वेळी निर्मिती कंपनीने पाळकांसाठी उपदेशाचे मुद्दे तयार करून दिले होते. तिकिटं खपवायची ती एक रीत होती, आणि कितीतरी व्यासपीठांवरून ती यशस्वी झाली याचं मला दुःख होतं.

'द मॅट्रिक्स' (१९९९) घ्या. ट्रिनिटी (म्हणजे त्रैक्य) नावाची नायिका, झायन (म्हणजे सियोन) नावाचं शहर, बायबलमधल्या नबुखद्नेस्सर राजाच्या नावाचं जहाज, मरून उठणारा नायक. एक पात्र तर नायकाला स्वतःचा येशू ख्रिस्त म्हणतं. आमच्या एका हुशार मुलाने यावर स्लाइड्स करून आणल्या. मी त्याला एकच विचारलं, "या गोष्टीत माणसाची सुटका कशाने होते?" तो थांबला. तिथे सुटका होते ती जाणीव झाल्याने, दिसणारं जग खोटं आहे हे कळल्याने. उत्पत्तीचा पहिला अध्याय मात्र हे जग चांगलं आहे असं पुन्हा पुन्हा म्हणतो, आणि लूकच्या चोविसाव्या अध्यायात उठलेला प्रभू शिष्यांसमोर भाजलेला मासा खातो. शिवाय तो नायक इमारतीच्या दर्शनी दालनात ज्या पहारेकऱ्यांना गोळ्या घालतो, ती त्याच खोट्या जगात अडकलेली साधी माणसं आहेत. प्रभूने पेत्राला तलवार म्यानात घालायला सांगितली होती. चित्रपट उत्तम आहे, मी तो आवडीने दाखवते. पण त्याची गोष्ट आपल्या तोंडी घालण्याआधी ती त्याच्या तोंडून पुरती ऐकून घ्यावी.

सुटका कशाने होते आणि तिची किंमत कोण मोजतं, हे दोन प्रश्न मी कुठल्याही सिनेमाला लावते. बाकीची उपकरणं मला फारशी लागलेली नाहीत.

आणखी काही, थोडक्यात

चित्रपट म्हणजे शुभवर्तमान नव्हे. 'द पॅशन ऑफ द ख्राइस्ट' (२००४) मध्ये शिपाई प्रभूला पुलावरून खाली ढकलतात, तो प्रसंग चारही शुभवर्तमानांत नाही. ॲन कॅथरीन एमरिक या जर्मन जोगिणीच्या दृष्टान्तांतून तो आला आहे. गुड फ्रायडेच्या उपदेशात तो शास्त्र म्हणून सांगू नका.

ख्रिस्ती विषय असला की परिणामही ख्रिस्तीच होतो, हा समज सोडा. दादासाहेब फाळक्यांनी मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला आणि त्यांच्या डोळ्यांपुढे राम आणि कृष्ण उभे राहिले. १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' त्या ओढीतून झाला.

आपल्या समाजाला वाईट दाखवलं की तेवढंच बोलायचं, हेही नको. 'अमर अकबर अँथनी'तला अँथनी दारूचा अड्डा चालवतो म्हणून तक्रार करता, ती योग्यच आहे. पण मुलीचा पिच्छा पुरवणाऱ्या नायकावर आपण कधी निवेदन दिलंय?

लहान मुलांना सोबत नेताना सेन्सॉरचं प्रमाणपत्र पाहा. यावर चर्चा नको.

जिंकला म्हणजे देव पावला

'चॅरियट्स ऑफ फायर' (१९८१) आमच्याकडे हटकून दाखवला जातो. स्कॉटिश धावपटू एरिक लिडेल रविवारी धावायला नकार देतो, शंभर मीटरची शर्यत सोडतो आणि १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये चारशे मीटरचं सुवर्णपदक जिंकतो. शर्यतीआधी त्याच्या हाती चिठ्ठी येते, पहिल्या शमुवेलातली: जे माझा आदर करतात त्यांचा मी आदर करीन. टाळ्या पडतात, आणि मुलं मनाशी गणित मांडतात की रविवार पाळला की पदक मिळतं. परीक्षेच्या दिवसांत हे गणित फारच आवडतं.

पण त्याच चित्रपटात शंभर मीटरचं सुवर्ण हॅरोल्ड अब्राहम्सला मिळतं, जो लिडेलच्या श्रद्धेचा नाही. चित्रपटात लिडेलला रविवारचं वेळापत्रक बोटीवर चढताना कळतं. प्रत्यक्षात ते त्याला काही महिने आधी माहीत होतं, आणि मधल्या काळात त्याने चारशे मीटरची कसून तयारी केली. हा भाग मी मुलांना आवर्जून सांगते, कारण श्रद्धेबरोबर घाम गाळावा लागतो हे पडद्यावर निसटलं आहे.

पुढचं आयुष्य तर चित्रपटात जवळजवळ नाहीच. तो मिशनरी म्हणून चीनला गेला. युद्धात जपान्यांच्या वेइशियन छावणीत अडकला. बायको दोन मुलींना घेऊन कॅनडाला गेली होती, तिसरी मुलगी त्याने कधी पाहिलीच नाही. छावणीत तो मुलांना शिकवायचा, खेळवायचा. रविवारच्या हॉकीत मुलं आपसांत भांडायला लागली तेव्हा तो स्वतः पंच म्हणून उभा राहिला, असं सांगितलं जातं. फेब्रुवारी १९४५ मध्ये, सुटकेच्या काही महिने आधी, मेंदूतल्या गाठीने तो गेला. ज्याचा देवाने आदर केला तो हाच माणूस होता, छावणीतलासुद्धा.

चित्रपटाच्या अगदी शेवटी, त्याचं चीनमध्ये निधन झालं असं सांगणारी एक पाटी येते. तोवर आपल्याकडे बहुतेक वेळा दिवे लागलेले असतात आणि कुणीतरी खुर्च्या गोळा करायला उठलेलं असतं. पुढच्या वेळी प्रोजेक्टर चालू ठेवा, ती पाटी मोठ्याने वाचून दाखवा आणि चर्चा तिथून सुरू करा.