पोरांबरोबर दिवाळीचा किल्ला कसा करायचा (बापानं मधे मधे न करता)

पहिली गोष्ट, किल्ला पोरांचा असतोय, बापाचा नाही. हे मला पाच वर्षं किल्ला केल्यावर कळलं, ते पण आमच्या धाकट्यानं, वय वर्षे सहा, "पप्पा तुमी जरा कट्ट्यावर बसा की" म्हणून मला बाजूला काढल्यावर. त्यामुळं आता जे सांगतोय ते सगळं कट्ट्यावर बसून शिकलेलं आहे.

सुरुवात वसुबारसेच्या निदान आठ दिवस आधी करा, कारण हळीव. हळीव पेरल्यावर दोन-तीन दिवसांत मोड दिसतात पण गडावर रान वाटावं एवढं वाढायला आठवडा लागतोय, आणि आमच्या घरात दरवर्षी नरक चतुर्दशीच्या आदल्या रात्री आठवण होते मग पाडव्यापर्यंत गड टकला आणि भाऊबीज झाल्यावर, पोरांचा इंटरेस्ट संपला की, महाबळेश्वर.

माती. पूर्वी गल्लीच्या टोकाला कुठंतरी घर पडलेलं असायचं, तिथनं बुट्टी भरून आणायची, आता सगळीकडं काँक्रीट. आमच्या बेळगावात खानापूरच्या बाजूची तांबडी माती मिळाली तर डोळे झाकून घ्या. काळी घेऊ नका. एका वर्षी मी पैसे वाचवायला सासरवाडीच्या शेतातनं, बैलहोंगलकडनं, दोन पोती काळी माती गाडीत घालून आणली, काय मऊ, काय चिकट, पोरं खूष. काळी माती भिजली की फुगतीय आणि वाळली की आकसतीय, तिसऱ्या दिवशी तटाला बोट जाईल एवढ्या भेगा आणि चौथ्या दिवशी एक बुरूज कुणी तोफ न डागता खाली. सासऱ्यांना व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर म्हणाले, "जावईबापू, त्यात ज्वारी पेरायची असते."

माती चाळायला पिठाची चाळण घेऊ नका. ह्यावर जास्त बोलत नाही.

सांगाडा असा करा. खाली चिऱ्याचे तुकडे, फुटक्या विटा रचा, मधे एक गुहा सोडा, मग पोतं चिखलाच्या पातळ पाण्यात बुडवून त्यावर पांघरा आणि वरनं माती थापा. पोतं गोणपाटाचंच पाहिजे, प्लास्टिकच्या पोत्यावर माती धरतच नाही, घसरतीय. हळीव भिजलं की बुळबुळीत होऊन चिकटतंय म्हणून ते उतारावर पण टिकतं, फक्त पाणी शिंपडताना हातानं शिंपडा. आमच्या थोरलीनं बादली ओतली होती, सगळं रान शेजारच्या काकूंच्या रांगोळीत जाऊन उगवलं.

आता दरवाजा. मी पाचवीत असताना पहिल्यांदा एकट्यानं किल्ला केला होता, वडगावात, तीन बुरूज, तळं, भगवा, सगळं. अप्पा, म्हंजे माझे वडील, कापडाच्या मागावरनं यायचे ते कानात ती खटखट घेऊनच, त्यामुळं घरात पण ओरडून बोलायचे. तसेच उभे राहिले, बिडी पेटवली, किल्ल्याभोवती एक फेरी मारली आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, "आत जायचं कुठनं?" दरवाजाच केला नव्हता. मग खाली बसले, इस्त्रीचा शर्ट तसाच, आणि दोन बुरुजांच्या मधे बोटानं एक वळण काढलं, म्हणाले दरवाजा समोरनं दिसता कामा नये, शत्रू पार जवळ आला तरी त्याला भिंतच दिसली पाहिजे. पुढं रायगडाचा महादरवाजा बघितला, तो असाच दोन बुरुजांच्या आड लपलेला. अप्पा आयुष्यात रायगडला गेले नव्हते, त्यांना हे कुणी सांगितलं होतं कुणास ठाऊक.

तर दरवाजा लपवा. मी हे पोरांना मोठ्या रुबाबात सांगितलं, थोरली म्हणाली, "मग पाहुण्यांनी कुठनं यायचं?" आणि तिनं बाणाची पाटी लावली, मराठी, कन्नड, इंग्रजी तीन भाषांत, शाळेच्या गेटवर असते तशी. शत्रूची सोय झाली.

आधी एखादा खरा गड दाखवून आणा, मदत होते. आपल्याला येळ्ळूरचा राजहंसगड जवळ, गाडी पार वरपर्यंत जातीय. मी तटावर उभा राहून बुरूज म्हंजे काय, टेहळणी म्हंजे काय असं तासभर सांगितलं, सिद्धेश्वराचं देऊळ दाखवलं, महाराजांचा पुतळा दाखवला, घरी येऊन "काय बघितलं" विचारलं तर धाकटा म्हणाला, "माकड."

कारंजं करायचं असेल तर मेडिकलमधनं सलाईनची नळी आणा, पाण्याची बाटली उंच खिडकीत ठेवा, बाटलीतल्या पाण्याच्या पातळीपेक्षा कारंजं वर उडत नाही एवढं लक्षात ठेवा आणि नळी माती थापायच्या आधी घाला. नंतर घालायला गेलं की काय होतंय ते बायकोला विचारा, पाणी घरात आलं होतं.

मावळे बाजारातनं एकाच मापाचे घ्या. आमचे निम्मे बोटाएवढे, निम्मे वीतभर, वीतभरवाला तटापेक्षा उंच, त्याला पहाऱ्याची गरजच नाही. आणि धाकट्याचा हिरवा प्लास्टिकचा डायनासोर बालेकिल्ल्यावर बसणार म्हंजे बसणार, त्यावर वाद घालू नका, मी दोन दिवस घातला. "शिवकाळात डायनासोर नव्हते रे" म्हटलं तर म्हणतो, "म्हणून तर शत्रू घाबरंल."

परतीच्या पावसाचं मात्र बापानंच बघायचं. ताडपत्री तयार ठेवा. गेल्या वर्षी रात्री दीड वाजता पत्र्यावर पाऊस वाजला तसा मी लुंगीवर छत्री घेऊन बाहेर, एका हातानं ताडपत्री ओढालोय, आणि समोरचे कन्नड काका त्यांच्या गॅलरीतनं बघालेत. "एनरी?" म्हणाले, म्हंजे काय हो. मी म्हटलं, "कोटि," म्हंजे किल्ला. ते काही न बोलता खाली आले आणि ताडपत्रीचं दुसरं टोक धरलं. सकाळी पोरं उठली, गड कोरडा बघून म्हणाली पाऊस पडलाच नाही वाटतं.

तुळशीचं लग्न झालं की मोडायचा. माती बायकोच्या कुंड्यांत, चिरे परत मागच्या दारात, मावळे धुऊन, वाळवून, मोजून चपलांच्या खोक्यात. दरवर्षी दोन-तीन कमी भरतात. डायनासोर कधी हरवत नाही.