कापड आधी भिजवा, मग कापा

मुलांसाठी घरी फ्रॉक किंवा झबलं शिवणार असाल, तर सुती कापड बेतण्याआधी धुऊन घ्याच. कोरं सुती कापड पहिल्या धुण्यात साधारण ३ ते ५ टक्के आटतं, म्हणजे मीटरमागे ३ ते ५ सेंटिमीटर! अस्तरही सोबतच धुवा. ते नंतर आटलं, तर वरचं कापड शिवणीपाशी चुण्या खातं आणि इस्त्रीनेही त्या जात नाहीत. कापडाच्या कापलेल्या कडांवर धुण्याआधी झिगझॅग टीप मारा, दशा निघणार नाहीत. कापड थोडं दमट असतानाच इस्त्री करा.

आणि खालची दुमड चांगली ५-६ सेंटिमीटर ठेवून हाताने तुरपाई करा. मूल उंच झालं की तेवढीच उसवून फ्रॉक लांब करता येतो.