रीबूटनंतर सर्व्हिस आपोआप चालू होत नाही? हे बघा

लिनक्स सर्व्हर (सिस्टमडीवाला, म्हणजे सर्व्हिस चालू-बंद करणारा प्रोग्राम असलेला) रीबूट केला की एसएसएच (दुरून लॉगिन करायची सर्व्हिस) बंद, वेब सर्व्हर बंद, आणि हाताने चालू केलं की सगळं मस्त चालतं, असं होत असेल तर बहुतेक वेळा सर्व्हिस नुसती स्टार्ट केलेली असते, इनेबल नाही. स्टार्ट म्हणजे आत्तापुरतं, इनेबल म्हणजे पुढच्या प्रत्येक बूटला, आणि नुसतं इनेबल केलं तर आत्ता काहीच चालू होत नाही, म्हणून दोन्ही एकदम उरकून टाका:

सुडो सिस्टमसीटीएल इनेबल --नाऊ एसएसएचडी

हे फेडोरा, रेड हॅटवालं नाव. डेबियन-उबुंटूवर नुसतं एसएसएच. अपाची या वेब सर्व्हरचं पण तसंच, फेडोरा-रेड हॅटवर एचटीटीपीडी आणि डेबियन-उबुंटूवर अपाची२. मग सिस्टमसीटीएल इज-इनेबल्ड मारून बघा, मास्क्ड (म्हणजे चालूच होऊ नये म्हणून अडवलेली) आलं तर आधी अनमास्क करा.

आता खरी डोकेदुखी. सर्व्हिस इनेबल आहे तरी बूटला पडते आणि जर्नलसीटीएल -बी -यू आणि सर्व्हिसचं नाव देऊन काढलेल्या लॉगमध्ये 'कॅनॉट असाइन रिक्वेस्टेड ॲड्रेस' दिसतं. म्हणजे सर्व्हिस एका ठरावीक आयपीवर ऐकायला बसलीय आणि तो आयपी अजून मिळालेलाच नाही. युनिट फाइलमध्ये (सर्व्हिस कशी चालवायची ते लिहिलेली फाइल) आफ्टर=नेटवर्क.टार्गेट असतं ना (टार्गेट म्हणजे बूटमधला एक ठरावीक टप्पा), त्याच्या भरवशावर राहू नका, त्याचा अर्थ नेटवर्क वर आलं असा होतच नाही. सुडो सिस्टमसीटीएल एडिट करून सर्व्हिसचं नाव द्या आणि एवढं टाका:

[युनिट]
वॉन्ट्स=नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट
आफ्टर=नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट

दोन्ही ओळी हव्यात, आफ्टर फक्त क्रम ठरवतं, ते टार्गेट ओढून आणायचं काम वॉन्ट्सचं. शिवाय वाट बघणारी वेट-ऑनलाइन सर्व्हिस पण इनेबल लागते, नेटवर्कमॅनेजर वापरत असाल तर त्याची, सिस्टमडी-नेटवर्कडी असेल तर त्याची. भलतीच चालू केलीत तर बूट उगाच लटकतं, नेटवर्कडीवाली डीफॉल्टने १२० सेकंद वाट बघत बसते. आणि सर्व्हिस ०.०.०.० वर, म्हणजे सगळ्याच आयपींवर, ऐकत असेल तर या भानगडीत पडूच नका, गरज नाही.

एवढं करून एसएस -टीएलएन (ऐकत असलेले पोर्ट दाखवणारी कमांड) मध्ये पोर्ट दिसतोय पण बाहेरून लागत नाही? मग फायरवॉल. फायरवॉल-सीएमडीने (फायरवॉलडी या फायरवॉलची कमांड) पोर्ट उघडताना --परमनंट दिलं नसेल तर रीबूटला तो नियम उडालेला असणार.